अठ्ठावन्न फूट

मोजणीदाराने टेप गुंडाळला, मग काय मनात आलं कोण जाणे, पुन्हा उलगडला आणि पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत परत चालत गेला, तेव्हाच होड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीणीने ओळखलं, काहीतरी चुकलंय. सगळं सुरळीत असतं तर माणूस दोनदा मोजत नाही.

“अर्जात किती लिहिलंय तुम्ही?” धक्क्याच्या टोकावरून त्याने ओरडून विचारलं.

“साठ फूट.”

“अठ्ठावन्न भरतोय.”

“परत मोजा.”

“हे परतच मोजलं की, बाई. आणि काठ एकशेवीस लिहिलाय, तो एकशेसोळा आहे. तोही दोनदा मोजला.”

आता हसावं की रडावं? धक्का जास्त लांब निघेल या भीतीने तिचा दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि तो निघाला आखूड. धाकटा भाऊ दुकानातून मुद्दाम आला होता. त्याचं औषधांचं दुकान, सकाळची गिऱ्हाइकं नोकरावर सोडून आलेला. त्याला वाटलं, चला, सुटलो. “आखूड आहे म्हणजे बरंच आहे ना?” त्याने विचारलं. मोजणीदाराने त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचाऱ्याने हात खिशात घातले.

तलाव समितीचा नियम साधा होता आणि त्यातच त्याचा दुष्टपणा होता. ज्याच्या मालकीचा जितका काठ, त्याला त्याच्या निम्म्या लांबीचा धक्का. वडील होते तोवर काठ एक होता. दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या आणि काठाचे तीन सारखे तुकडे पडले. पूर्वेचा दादाचा, पश्चिमेचा धाकट्याचा, मधला हिचा. होड्या दुरुस्त करण्याचा कारखाना आणि त्याच्यापुढचा धक्का हिच्या तुकड्यात आला. काठ कापला की कागदावर धक्काही कापला जातो, हे तिघांपैकी कोणाच्याही ध्यानीमनी नव्हतं. ते ध्यानात आलं शेजारच्या दुर्बीणवाल्यांच्या. हे गृहस्थ गॅलरीत बसून पक्षी बघतात असं स्वतः सांगत. पण पलीकडे कुणाच्या दोरीवर काय वाळत घातलंय हे त्यांना पक्ष्यांपेक्षा जास्त माहीत असे. त्यांनी तक्रार ठोकली. एका हिश्श्याच्या काठावर तिघांचा धक्का कसा? समितीची नोटीस आली.

त्यातून वाट एकच होती. तिन्ही मालकांनी लिहून द्यायचं, की आमचा काठ एकच समजा, आणि पुढची तीस वर्षं आमच्यातला कोणीही आपला तुकडा वेगळा विकणार नाही. तसं लिहून दिलंही होतं. गेल्या महिन्यात आईच्या खोलीत, उभ्या उभ्या, दादाने चष्मासुद्धा न लावता सही केली होती. त्याला एक शब्द विचारावा लागला नाही याचाच मिस्त्रीणीला केवढा आनंद झाला होता.

“पण मी स्वतः मोजलंय हो,” ती मोजणीदाराला म्हणाली. “हाताने मोजलंय.”

“कशाने मोजलंत?”

“काठीने.”

“कसल्या काठीने?”

मग तिला ती आणावीच लागली. वडिलांची दहा फुटी काठी, सागवानी, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. या कारखान्यात टेप होते, चांगले चार होते. पण होडीचा कणा, डोलकाठी, फळी, काही म्हणून मोजायचं झालं की घरातल्या माणसाचा हात आधी या काठीकडे जाई. ‘सहा काठ्या धक्का, बारा काठ्या काठ,’ हे ती पाढ्यांच्या आधी शिकली होती. मोजणीदाराने काठी फळ्यांवर आडवी ठेवली, टेप लावला आणि काही न बोलता तिला वाकून बघायची खूण केली.

नऊ फूट आठ इंच.

धाकट्याला हसू आवरेना. त्याने तोंड फिरवलं, पण खांदे गदगदत होते. मिस्त्रीणीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तीस वर्षांत तिने त्या काठीवर किती होड्या बांधल्या, किती सांधल्या! होडीचं काही बिघडलं नव्हतं, कारण कणाही त्याच काठीने आणि फळीही त्याच काठीने. पण सरकारी कागद काही फळीशी जुळवायचा नसतो.

“ती कापलेली आहे,” मागून आई म्हणाली. आई कारखान्याच्या दारात कधी येऊन उभी राहिली होती ते कोणी पाहिलं नव्हतं. “टोक चिरलं होतं. तुझ्या बाबांनी चार इंच उडवलं. तू पाळण्यात होतीस.”

“आणि हे आजवर सांगितलं नाहीस?”

“मला काय माहीत, तू तिच्यावर सरकारी अर्ज भरशील ते! त्यांना हिशेब तोंडपाठ होता. ते मनात धरून चालायचे.”

मोजणीदार वाईट माणूस नव्हता. त्याने काठी नीट उचलून भिंतीशी उभी करून ठेवली आणि मगच बोलला. “हे बघा, प्रमाण बरोबर आहे. एकशेसोळाचे निम्मे अठ्ठावन्न. तुमची काठी सगळीकडे सारखीच खोटी निघाली, नशीब तुमचं. पण समिती प्रमाण वाचत नाही, आकडे वाचते. अर्जात एक आणि मोजणीत एक म्हणजे खोटं निवेदन. हा अर्ज बाद. नवा भरा, तिघांच्या नव्या सह्या घ्या आणि आज पाचच्या आत समितीच्या खिडकीवर द्या. उद्या बैठक आहे.”

“आणि नाही दिला तर?”

“तर नोटिशीप्रमाणे. तुमच्या एकटीच्या काठावर एकोणीस फूट चार इंच. बाकीचं आमची माणसं येऊन काढतील.”

एकोणीस फुटांवर चिखल होता. पाणी आटलेल्या या दिवसांत तिथे बदकंसुद्धा चालत जात. खोल बुडाच्या शिडाच्या होड्या, ज्यांच्यावर कारखाना चालत होता, त्यांना साडेचार फूट पाणी लागे आणि ते फक्त टोकाला होतं. टोक गेलं की होडी येणार कुठून? आणि होडी आली नाही तर चोपन्नाव्या वर्षी, हाताला डिंक-वार्निशाशिवाय दुसरा वास नसलेल्या बाईने करायचं काय?

“दादाला फोन लाव,” तिने धाकट्याला सांगितलं. “म्हणावं, पाच मिनिटांचं काम आहे. नुसती सही.”

दादा आला तो साडेबाराला, आणि वहिनी बरोबर आली. वहिनी बरोबर आली तेव्हाच मिस्त्रीणीने ओळखायला हवं होतं. सहीला एक माणूस पुरतो; दोन माणसं येतात ती बोलायला.

कारखान्यातल्या मोठ्या टेबलावरचा भुसा धाकट्याने हाताने लोटला, कोरा अर्ज पसरला, आणि सगळे भोवती बसले. आईला खुर्ची दिली, बाकीच्यांना पेट्या. मिस्त्रीणीने काठीची हकिगत सांगितली. वहिनी खळखळून हसली. दादा हसला नाही. साठीचा माणूस, छापखान्यातली नोकरी संपवून दोन वर्षं झालेली, चौथ्या मजल्यावरच्या घरातून उतरताना गुडघ्यावर हात ठेवून उतरणारा. तो अर्ज वाचत होता. या खेपेला चष्मा लावून.

“तीस वर्षं,” तो म्हणाला.

“मागच्या अर्जातही तीसच होती,” मिस्त्रीण म्हणाली.

“मागच्या वेळी मी वाचलं नव्हतं.”

“मग आता वाचलंस ना? कर सही.”

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि एकदाचं सांगून टाकलं. “आम्ही आमचा तुकडा द्यायचं ठरवलंय.”

“द्यायचं? कुणाला?”

“शेजारी.”

मिस्त्रीणीला क्षणभर कळेचना. मग एकदम सगळं कळलं. दुर्बीणवाल्यांचा काठ दादाच्या काठाला लागून होता. तो तुकडा त्यांच्यात गेला की त्यांचा धक्का एकोणीस फुटांनी वाढणार. म्हणजे आमचा लांब आहे म्हणून तक्रार करणाऱ्या माणसाला स्वतःचा लांब करायचा होता! आणि तोही आमच्याच काठावर!

“अरे, त्या माणसाने माझ्यावर नोटीस आणली!” ती उभीच राहिली. “आणि तू त्याच्याच घशात काठ घालणार?”

“त्याने आधी मला विचारलं नव्हतं नोटिशीचं,” दादा म्हणाला. “गेल्या पंधरवड्यात आला. बोलणं झालं. तळमजल्यावर घर मिळतंय. लिफ्ट नको, काही नको. हिचे पाय बघ, माझे बघ.”

“मी बघते ना तुझे पाय. इथे राहायला ये. वरची खोली…”

“वरची खोली,” वहिनी पटकन म्हणाली. “म्हणजे पुन्हा जिना.”

धाकट्याला इथे हसायला आलं आणि त्याने ते खोकल्यावर नेलं. सकाळपासून तो ताईच्या बाजूने शड्डू ठोकून उभा होता. पण दादाच्या गुडघ्यांच्या गोळ्या त्याच्याच दुकानातून जात, त्यामुळे गुडघ्यांचं प्रकरण त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. “ताई, दादाचंही खोटं नाही गं,” तो हळूच म्हणाला.

“तू कुणाचा आहेस, ते एकदा ठरव.”

“मी काय पतंग आहे, कुणाचातरी असायला?”

“गप्प बसा दोघं,” आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण या घरात तो अजून चालत होता. ती दादाकडे वळली. “मला एवढंच सांग. तुझ्या बाबांनी हा धक्का एकट्याने उभा केला. ना मजूर, ना यंत्र. खांब न् खांब स्वतः ठोकला. तुला त्याचं काहीच नाही? परक्या माणसाला उचलून द्यायला हात तरी कसा धजतो?”

दादाने चष्मा काढला. तो काढून त्याने अर्जावर ठेवला, मग तिथून उचलून बाजूला ठेवला, आणि आईकडे न बघता विचारलं, “एकट्याने?”

आईने मान डोलावली.

“एकट्याने ना? सगळे तसंच सांगता. हीसुद्धा गिऱ्हाइकांना तसंच सांगते, मी ऐकलंय. आई, तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा धक्का दिसतो. तेव्हाही दिसायचा.”

“दादा…” मिस्त्रीण म्हणाली.

“थांब. मी बोलत नाही कधी, आज बोलू दे. काठाजवळचे खांब बाबांनी एकट्याने ठोकले, ते खरं. टोकाचे चार एकट्याने ठोकताच येत नाहीत. वरून घण घालायचा तर खालून खांब सरळ धरायला माणूस लागतो. मी बारा वर्षांचा होतो. पाणी इथपर्यंत.” त्याने हनुवटीला हात लावला. “हात खांबाला, डोकं खांबाला टेकवलेलं. बाबा वरून घाव घालणार आणि तो घाव इथे, कानात. चार खांब, चार दिवस. पाचव्या दिवशी ताप आला, कानातून पू आला. या कानाने तेव्हापासून काही ऐकू येत नाही. तुम्ही म्हणता, दादा लहानपणापासूनच एका कानाने अधू. लहानपणापासून नाही. चौथ्या खांबापासून.”

“डॉक्टरकडे नेलं होतं,” आई म्हणाली.

“तीन आठवड्यांनी. कुणाचीतरी होडी द्यायची होती.”

मिस्त्रीण तेव्हा सहा वर्षांची होती. खिळ्यांचा डबा मांडीवर घेऊन ती काठावर बसलेली असे, आणि बाबांनी हात पुढे केला की धावत जाऊन खिळे देई. ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात लाडकी आठवण होती. त्या आठवणीत पाणी होतं, ऊन होतं, बाबांचा घाम होता. पाण्यातून वर आलेलं एक डोकंही होतं. इतकी वर्षं तिने त्या डोक्याकडे पाहिलंच नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

आईने हात मांडीवर घट्ट धरले होते. “मी त्यांना थांबवायला हवं होतं,” ती म्हणाली. “नाही थांबवलं. मला त्यांची भीती वाटायची.” हे तिने या घरात आजवर कधीच उच्चारलं नव्हतं. धाकट्याने डोळे मोठे करून तिच्याकडे पाहिलं. बाबा त्याच्या वाट्याला म्हातारे आणि मवाळ होऊन आले होते, त्याला ही भीती ठाऊकच नव्हती.

“जाऊ दे,” दादा म्हणाला. राग त्याच्या अंगात फार वेळ टिकत नसे. बोलून झाला की तो दमून जाई. त्याने पुन्हा चष्मा लावला. “झालं ते झालं. तुझं पोट आहे त्याच्यावर, मला कळतं. आण ते पेन. त्या शेजाऱ्याला सांगतो नाही म्हणून. चौथ्या मजल्यावर काय माणसं राहत नाहीत?”

वहिनीने मान खाली घातली, पण ती अडवायला आली नाही. धाकट्याने पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. बस्स, एक सही. अठ्ठावन्न फूट, तीस वर्षं, साडेचार फूट पाणी. ज्याच्यासाठी दोन रात्री जागून काढल्या ते आता टेबलावर होतं, आणि दादाचा हात कागदाकडे येत होता.

मिस्त्रीणीने कागद ओढून घेतला.

“अगं!” धाकटा ओरडला.

“नको.”

“वेडी झालीस का?” आता दादाच चिडला. “देतोय ना मी!”

“तेच तर. तू देतोयस. बाबांनी उतर म्हटलं, उतरलास. आईने सही कर म्हटलं, केलीस. आता मी म्हणतेय म्हणून करतोयस. नको मला तसली सही. तुझा तुकडा तू वीक. तळमजल्यावर घर घे. मला पायऱ्या न मोजता तुझ्याकडे येता आलं पाहिजे.”

“आणि कारखाना?”

“बघते ना मी.”

काय बघणार होती, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. पण कागद तिने सोडला नाही. तिच्या हातात ताकद फार, करवत चालवणारे हात. तो कागद तिच्याकडून काढून घेणं या खोलीतल्या कुणालाही जमलं नसतं.

आणि मग, जिच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती, ती वहिनी बोलली. “तो नियमांचा कागद बघू जरा.” नोटिशीला जोडलेली पानं तिने घेतली, दादाचाच चष्मा त्याच्या नाकावरून काढून आपल्या नाकावर ठेवला, आणि बोट फिरवत फिरवत सातव्या कलमावर थांबली. “इथे ‘दोन किंवा अधिक’ असं आहे. लागून असलेले दोन किंवा अधिक मालक. तिघंच कशाला हवेत? तुम्ही दोघं लागून आहात की.”

मिस्त्रीणीने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने छताकडे पाहिलं.

“म्हणजे तीस वर्षं आता माझ्यावर आली,” तो म्हणाला. “मी शहात्तर वर्षांचा होईन.”

“आम्ही तोवर नसूच,” दादा म्हणाला. “तुला विचारायला कोणी येणार नाही.”

“तुझ्यावर जबरदस्ती नाही,” मिस्त्रीण म्हणाली. तिला हे म्हणणं फार जड गेलं, कारण जबरदस्ती करावीशी तिला अगदी मनापासून वाटत होती. “नाही म्हणालास तरी मी बोलणं टाकणार नाही. आठवडाभर टाकीन फार तर.”

धाकटा उठला, दारापर्यंत गेला, आपल्या वाट्याच्या काठाकडे बघून आला. तिथे गवत होतं, एक मोडकी होडी होती, बाकी काही नव्हतं. “मला त्या तुकड्याचं करायचंय तरी काय?” तो परत येऊन म्हणाला. “पण एक सांगतो. मला कुणी करायला लावली असं नंतर म्हणू नका. मी स्वतः करतोय.” आणि टोपण उघडं पेन त्याने स्वतःच्याच हातात फिरवून घेतलं.

दोन तुकड्यांचा काठ सत्त्याहत्तर फूट चार इंच. निम्मे केले तर धक्का अडतीस फूट आठ इंच. हे गणित या खेपेला टेपवर झालं, आणि पलीकडचे धक्के मोजून परतणाऱ्या मोजणीदाराने जाता जाता स्वतःच्या हाताने आकडे तपासले. शेजारच्या मालकाची हरकत नसल्याचा एक रकाना होता; तिथे दादाने सही केली, सावकाश, वाचून, पूर्ण नाव लिहून.

“अडतीस फुटांवर पाणी किती?” वहिनीने विचारलं.

“पाणी आटलं की तीन फूट. तेही जेमतेम.”

“मग तुझ्या त्या खोल होड्या?”

“त्या जातील दुसरीकडे.” मिस्त्रीणीने अर्जाची घडी घातली. “तीन फुटांत जे तरंगेल ते मी दुरुस्त करीन. वल्ह्यांच्या होड्या, मासेमारीच्या, शाळेच्या त्या लहान शिडाच्या. आजवर मीच त्यांना परत पाठवत होते, वेळ नाही म्हणून. आता वेळच वेळ आहे.”

खिडकीवर मिस्त्रीण आणि वहिनी पोचल्या तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. मोटार धाकट्याने हाकली, पण बरोबर यायचा हट्ट वहिनीचा. समितीच्या कारकुनीण बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “म्हणजे वीस फूट कमी करायचा. आमची माणसं पाठवू?”

“नको. आमचा आम्ही काढू.”

“आठ दिवसांत काढावा लागेल. आणि काढायचं ते टोक पाण्याकडचं हं.”

“काठाकडचं काढलं तर मलाच उडी मारून कामावर जावं लागेल,” मिस्त्रीण म्हणाली. कारकुनीण बाई हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

आठ दिवसांची मुदत होती. तिने तिसऱ्या दिवशीच काम काढलं. जे करायचंच आहे ते पुढे ढकलत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दूरच्या टोकापासून वीस फुटांतल्या फळ्या तिने सकाळीच खोलल्या. टोकाच्या शेवटच्या चार फळ्या तेवढ्या, खाली तात्पुरते टेकू देऊन, उभं राहायला ठेवल्या आणि तिथपर्यंत जायला दोन लांब पाट टाकले. धाकटा फळ्या वाहत होता आणि दर फेरीला कंबर धरत होता. आईने खुर्ची बाहेर मागून घेतली होती. खिडकीतून नाही बघणार, म्हणाली.

आडव्या तुळया सुटल्या. टोकावर तिपाई उभी करून चेनपुली टांगली. आता राहिले होते चार खांब, आणि ते उपटायचे होते. वरून साखळी ओढायची आणि खालून एकाने खांब सरळ धरून ठेवायचा, नाहीतर तो आडवा होतो आणि तिपाईसकट सगळं पाण्यात जातं.

तेवढ्यात दादा आला. वहिनी नव्हती बरोबर. अंगात जुनी विजार, पायात रबरी चपला. पाटांवरून एकेक पाऊल टाकत तो टोकापर्यंत आला, आणि न बोलता चपला काढायला वाकला.

“हे काय?” मिस्त्रीणीने विचारलं.

“उतरतो. खांब धरायचे मला माहीत आहेत.”

“तू उतरायचं नाहीस.”

“अगं, धरायला कोणीतरी लागतंच.”

“आहे ना कोणीतरी.” तिने कमरेचं हत्यारांचं पाकीट सोडून फळीवर ठेवलं. “तू वर. साखळी ओढ. हळूहळू ओढायची, झटका नाही द्यायचा.”

ती उतरली. पाणी छातीपर्यंत आलं आणि तिचा श्वासच अडकला. आयुष्य या पाण्याच्या काठी गेलं होतं, पण इतक्या आत, इतका वेळ, खांबाला धरून ती कधी उभी राहिली नव्हती. तळाचा चिखल पाय ओढत होता. तिने दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली, आणि तो स्थिर राहावा म्हणून डोकं त्याला टेकवावंच लागलं, दुसरा इलाज नव्हता. वर साखळी खडखडली. तो आवाज लाकडातून सरळ तिच्या कानात उतरला, दातांपर्यंत गेला. हा तर नुसता ओढण्याचा आवाज. घणाचा कसा असेल? आणि बारा वर्षांच्या पोराला?

“दादा,” तिने खालून हाक मारली. तो चांगल्या कानाच्या बाजूने वाकला. “तू रडला नाहीस का रे तेव्हा?”

“रडलो की. तोंड ओलंच होतं, कुणाला दिसणार?”

खांब तसूभर वर सरकला. गार पाणी तिच्या मानेपर्यंत हेलकावलं. दादाने साखळी थांबवली आणि वरून खाली पाहिलं. त्याचा चेहरा तिला उलटा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर काळजी होती.

“तुझे दात वाजतायत,” तो म्हणाला. “एक झाला की वर ये. बाकीचे उद्या काढू.”

“चार आहेत, दादा. चारही निघाल्याशिवाय मी बाहेर येत नाही.” तिने मिठी आणखी आवळली. “ओढ तू.”

त्याने ओढली.